स्मृतिभ्रंशाचं माणूस दवाखान्यातून घरी आणताय? सुट्टी घेण्याआधी हे वाचा

केज (प्रतिनिधी) : मागच्या जानेवारीतली गोष्ट आहे. आमचे चुलते, वय ७८, घरात लहानमोठे सगळे त्यांना आबा म्हणतात. रात्री उठून गोठ्याकडं जाताना दावणीच्या दगडाला पाय अडकून पडले. कपाळाला खोक पडली, बरंच रक्त गेलं. १०८ ला फोन लावला, गाडी आली, तालुक्याला टाके पडले आणि डोक्याचा स्कॅन करायचा म्हणून पुढं मोठ्या शहरात पाठवलं. तिथं चार दिवस काढले. पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला सांगितलं, "रिपोर्ट चांगले आहेत, घेऊन जा." दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नव्हती. आम्हालाही घाई झाली होती. गव्हाचं पाणी राहिलं होतं, बेडचं भाडं चढत होतं.

जीप करून दीड वाजता घरी पोचलो. सगळे थकलेले, पडल्या पडल्या झोपलो. पहाटे साडेचारला शेजारच्या रानातला पोरगा मोटार चालू करायला निघाला होता. आपल्याकडं थ्री फेज लाइट रात्रीची असते म्हणून तो त्या वेळी जागा होता, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. त्याला शेततळ्याच्या बांधावर कुणीतरी बसलेलं दिसलं. आबा होते. पायात चप्पल नाही, डोक्याला टोपी नाही, हाताला सलाईनची चिकटपट्टी तशीच. शेततळ्याच्या कागदावरून पाय घसरला तर पोहणारा गडीसुद्धा वर येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पोरानं विचारलं, "आबा, हिकडं कुठं?" तर म्हणाले, "बैलं सोडायचीत." आमच्याकडचे बैल जाऊन अकरा वर्षं झालीत.

त्या दिवसापासून पुढचा महिनाभर डॉक्टर, नर्स, उपकेंद्राच्या मॅडम, आशाताई अशा दहा जणांना विचारत गेलो. जे कळलं ते इथं लिहितो आहे. तुमच्या घरी असं माणूस असेल तर दवाखान्यात जायची वेळ येण्याआधीच वाचून ठेवा.

म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका

साठी बुद्धी नाठी म्हणायची आपल्याला सवय आहे. आबा तीन-चार वर्षांपासून विसरत होते. जेवण झालं तरी "मला वाढलं नाही" म्हणायचे, एकच गोष्ट पाच वेळा विचारायचे, बाजारातून येताना एकदा भलत्याच फाट्यावर उतरले. आम्ही म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेलं. हा आजार आहे आणि त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर लोक डिमेन्शिया म्हणतात. मेंदूतल्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. त्याचे प्रकार बरेच आहेत, अल्झायमर हा त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा.

हा शहरातल्या लोकांचा आजार आहे असं कुणाला वाटत असेल तर तेही खरं नाही. २०२३ साली देशपातळीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख लोकांना, हा आजार असल्याचं निघालं. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे शे-दीडशे उंबऱ्यांच्या गावातही अशी चार-पाच माणसं सहज निघतील. फक्त आपण त्यांना पेशंट म्हणत नाही.

विहीर आटणं वेगळं, पाणी गढूळ होणं वेगळं

मला सगळ्यात उपयोगाची वाटलेली गोष्ट ही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दवाखान्यात तिसऱ्या रात्री आबा एकदम बदलले. सुईची नळी ओढून काढली, नर्सला शिव्या दिल्या. आयुष्यात ज्या माणसानं कुणाला अरे म्हटलं नाही तो माणूस. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणायचे. शेवटी हात पट्टीनं बांधून ठेवावे लागले, ते बघून चुलती रडायला लागली. एक पाहुणे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय, उतरवून घ्या. दुसरे म्हणाले, आता डोकं कायमचंच गेलं.

दोन्ही चूक. स्मृतिभ्रंश म्हणजे विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं खाली जात राहणं. हा जो एक-दोन दिवसांत, तासाभरात होणारा गोंधळ असतो, तो म्हणजे विहिरीत काहीतरी पडून पाणी गढूळ होणं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. आधीच मेंदू कमजोर असलेल्या माणसाला तो लवकर होतो. कारण मेंदूच्या बाहेरचं असू शकतं. लघवीत जंतू झाले, पाणी कमी पडलं, अंगातलं मीठ म्हणजे सोडियम उतरलं, पोट चार दिवस साफ झालं नाही, लघवी तुंबली, कुठंतरी दुखतंय पण सांगता येत नाही, एखादी नवी गोळी लागू पडली नाही, झोप मोडली, असं काहीही. आबांच्या बाबतीत लघवीत जंतू निघाले आणि सोडियमही कमी निघालं. कारण सापडून औषध मिळालं की हा गोंधळ बहुतेक वेळा ओसरतो. पण रिपोर्ट नॉर्मल आला त्या दिवशी माणूसही नॉर्मल होतो असं नाही. काही दिवस, काही आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आम्ही आबांना घरी आणलं तेव्हा ते निम्मेसुद्धा निवळले नव्हते, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

याचा उलटा प्रकारही असतो आणि तो जास्त फसवतो. म्हातारं माणूस आरडाओरडा करत नाही, उलट गप्प पडून राहतं, हाक मारली तर डोळे उघडतं आणि पुन्हा मिटतं, जेवत नाही. घरचे म्हणतात, बरं झालं, शांत झोपलंय. ती शांती नसते. तोही डिलिरियमच असू शकतो.

म्हणून डॉक्टरला सांगताना "ते आधीपासूनच विसरतात" एवढंच सांगून थांबू नका. "आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं जेवत होते, संडासला एकटे जात होते, नातवंडं ओळखत होते, आता यातलं काहीच होत नाही" असं सांगा. तो फरक फक्त घरच्यांनाच माहीत असतो. कुठल्याच मशीनमध्ये तो दिसत नाही.

सुट्टीचा कागद घेण्याआधी

रात्रीची सुट्टी शक्यतो घेऊ नका. "सकाळपर्यंत थांबू द्या, घर लांब आहे, पेशंटला स्मृतिभ्रंश आहे" असं स्पष्ट सांगा. सांगितलं तर पुष्कळ ठिकाणी ऐकतात. आम्ही सांगितलंच नाही. रात्रीच्या अंधारात अशा माणसांचा गोंधळ आणखी वाढतो. दिवस मावळायला लागला की बेचैनी सुरू होते, हे त्या आजारातच आहे. डॉक्टर थांबा म्हणत असताना डामा घेऊन, म्हणजे आपल्या जबाबदारीवर सही करून पेशंट उचलून आणणं तर त्याहून वाईट. पैशाची अडचण असेल तर आधी दवाखान्यात बसलेल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तो सांगेल. ७० वर्षांच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते काढून ठेवलेलं असलं तर ऐन वेळी धावपळ होत नाही. मात्र योजनेत असलेल्या दवाखान्यातच ते चालतं, हे भरती करतानाच विचारून घ्या.

निघायच्या आधी पेशंटला एकदा उठवून चालवून बघा. पलंगावर झोपलेलं माणूस बरं दिसतं. उभं केल्यावर कळतं की पाय लटपटतायत. चार दिवस पडून राहिलं तरी म्हाताऱ्या माणसाच्या पायातली ताकद झपाट्यानं जाते. आधी चालत होतं आणि आता चालत नाही, असं असेल तर का, हे विचारल्याशिवाय निघू नका. पोट साफ झालंय का, लघवी होते का, घोटभर पाणी न ठसकता पितंय का, एवढं तुमच्या डोळ्यांनी बघा.

लघवीची नळी घातलेली असेल तर ती का घातली, ठेवायचीच आहे का आणि काढायची तारीख कोणती, हे तीनही प्रश्न विचारा. कित्येकदा भरतीच्या दिवशी घातलेली नळी तशीच घरी येते. नळी राहिली की जंतू होण्याचा धोका राहतो, आणि असं माणूस ती ओढतंच. आत पाणी भरलेला फुगा असतो, तो न सोडता नळी ओढली तर रक्त येतं. आबांची नळी निघायच्या आधी काढून घेतली, ती एक गोष्ट आमच्याकडून बरी झाली, तीही शेजारच्या बेडवरच्या बाईनं सुचवली म्हणून.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. लाजू नका, नर्सला म्हणा, मराठीत सांगा, मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो. काय झालं होतं, कोणती गोळी नवी, कोणती जुनी बंद, परत कधी दाखवायचं आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं. त्या कार्डाचे, सगळ्या रिपोर्टचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. कागद भिजतात, हरवतात, उंदीर खातात.

आणि चष्मा, कवळी, कानाचं मशीन, टोपी, काठी मोजून घ्या. हसू नका. चष्मा आणि कवळी नसलेलं म्हातारं माणूस अर्धं आंधळं आणि अर्धं उपाशी असतं, त्यात ते ओळखीचं काहीच दिसेना म्हणून घाबरतं. आबांची टोपी दवाखान्यात राहिली होती. दोन दिवस ते डोक्यावर हात फिरवत होते, आम्हाला उशिरा उमगलं की ते टोपी शोधतायत. नवी आणून दिली तर घेईनात. शेवटी जुन्या ट्रंकेतली एक मळकी निघाली, ती घातली.

घरी यायची गाडी

१०८ ची गाडी संकटात दवाखान्यात न्यायला आहे, सुट्टी झाल्यावर घरी सोडायला नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं. टेम्पोच्या मागं गादी टाकून आणण्यापेक्षा थोडे पैसे जास्त गेले तरी बसून येता येईल अशी गाडी करा. शेजारी ओळखीचं, ज्याचा आवाज पेशंटला सवयीचा आहे असं माणूस बसवा. दाराला लॉक लावा, कारण चालत्या गाडीत दार उघडायचा प्रयत्न होऊ शकतो. वाटेत लघवीला थांबा, पाणी पाजा. पिशवीत एक धोतर नाहीतर लुगडं जादा असू द्या. ऊन्हाच्या दिवसांत तर सकाळीच निघा.

गाडीत आबा सारखं म्हणत होते, "घरी चला." आम्ही म्हणत होतो, "घरीच चाललोय की." घरी आलो तरी "घरी चला" चालूच. पुढं उपकेंद्राच्या मॅडमनी समजावलं, की "घरी" म्हणजे त्यांना हा सिमेंटचा बंगला म्हणायचं नसतं. लहानपणीचं घर, आईबाप असलेलं घर, किंवा नुसतं जिथं भीती वाटत नाही ते ठिकाण. म्हातारी बाई असेल तर ती माहेरच्या वाटेला लागते. म्हणून कुणी हरवलं तर नव्या ठिकाणी नव्हे, जुन्या ठिकाणी शोधा. विकलेलं रान, पडका वाडा, माहेरचा रस्ता, जुना बस थांबा. आबा सापडले तिथं शेततळं होण्याआधी आमचा बैलांचा मांडव होता.

पहिली रात्र

पहिल्या रात्री एक माणूस जागं हवंच. पाळी लावा. सगळे थकलेले असतात, मान्य आहे, पण अपघात त्याच रात्री होतात.

पेशंट येण्याआधी कुणीतरी घरी थांबून दोन तास घालवा. फवारणीची औषधं, तणनाशकाच्या बाटल्या, उंदराचं औषध कुलपात टाका. आपल्याकडं अर्धी बाटली पाण्याच्या नाहीतर दारूच्या बाटलीत ओतून माळ्यावर ठेवायची वाईट खोड आहे. तहानलेल्या आणि न ओळखणाऱ्या माणसाला त्यातला फरक कळत नाही. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन, उघडी विहीर, हौद, शेततळ्याचं फाटक, गॅसचा कॉक हे सगळं एकदा त्या माणसाच्या नजरेनं फिरून बघा. शेततळ्याला कुंपण नसेल तर निदान काटे तरी टाका. दोरीला रिकामा ड्रम बांधून तळ्यात सोडलेला असला तर पडणाऱ्याला धरायला काहीतरी राहतं.

बाज भिंतीला लावून ठेवा, उंच पलंग नको. पलंगापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी करा, चपला, बादल्या, वायरी, पायपुसणं सगळं उचला. रात्रभर बारीक दिवा असू द्या. लाइट गेली तरी चालू राहणारा चार्जिंगचा बल्ब बाजारात मिळतो, तो लावा. संडास परसात लांब असेल तर कमोडची खुर्ची आणा, किंवा जुन्या खुर्चीला सुतारानं भोक पाडून दिलं तरी काम भागतं. समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि दिनदर्शिका टांगा.

दाराला बाहेरून कुलूप लावून माणूस आत कोंडू नका. आग लागली, पडलं, तर कोण उघडणार? बाजेला बांधणं तर अजिबात नको. आम्ही दाराला बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी बांधली. दार हललं की वाजते, आणि घरात कुणालातरी जाग येते. आबांना तो आवाज ओळखीचा आहे. घंटी वाजली की विचारतात, वैरण टाकली का? आम्ही म्हणतो, टाकली. मग झोपतात.

बंडीच्या आतल्या खिशाला कापडाच्या तुकड्यावर नाव, गाव आणि दोन मोबाइल नंबर शिवून टाका. चिठ्ठी धुण्यात जाते, शिवलेलं राहतं. ताजा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, लग्नातला दहा वर्षांपूर्वीचा नको. माणूस हरवलं तर ११२ ला लगेच कळवा. चोवीस तास थांबायला लागतं ही ऐकीव गोष्ट आहे, तसं काही नाही. गावाच्या ग्रुपवर फोटो टाका, आणि सापडल्यावर सापडलं म्हणूनही टाका. नाहीतर तो फोटो वर्षभर फिरत राहतो.

गोळ्यांचा घोळ

चौथ्या दिवशी आबांना उठता-बसता गरगरायला लागलं. परत पडतात की काय अशी वेळ. उपकेंद्राच्या मॅडमना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, सगळी पाकिटं दाखवली. त्यांनी दोन पाकिटं बाजूला काढली. एक बीपीची जुनी गोळी आधीपासून चालू होती, आणि दवाखान्यानं तीच गोळी दुसऱ्या कंपनीची लिहून दिली होती. नावं वेगळी, रंग वेगळा, आतलं औषध एकच. आम्ही दोन्ही देत होतो. डॉक्टरांना फोन करून एक बंद झाली.

म्हणून घरातल्या एकूण एक गोळ्या, अंगदुखीच्या, ॲसिडिटीच्या, मेडिकलमधून न विचारता आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून उपकेंद्रात नाहीतर आपल्या डॉक्टरकडं न्या. सर्दी-खोकल्याच्या काही साध्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या या माणसांचा गोंधळ वाढवतात, तोल घालवतात. "रात्री झोपत नाहीत, काहीतरी द्या" असं मेडिकलवाल्याला सांगू नका. आणि आधीपासून रोज चालू असलेली झोपेची गोळी एकदम बंदही करू नका, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. तसंच मिश्री, तंबाखू, दारू यांचं. रोजची सवय दवाखान्यात एकदम तुटली की बेचैनी, थरथर होते. रोजच्या दारूचं तर लपवू नका, दारू एकदम तुटून होणारा गोंधळ जिवावर बेतू शकतो. डॉक्टर पोलीस नसतो, त्याला खरं सांगा.

गोळ्या पेशंटच्या हाती सोपवायच्या नाहीत. एकानंच द्यायच्या, समोर गिळेपर्यंत थांबायचं आणि दिनदर्शिकेवर खूण करायची. दोघा-तिघांनी मिळून दिल्या की एक तर दोनदा जाते, नाहीतर जातच नाही.

"ओळखलं का मी कोण?"

दवाखान्यातून माणूस आलं की गाव भेटायला येतं. ते चांगलंच आहे. पण आपल्या लोकांना एक खोड आहे. समोर उभं राहायचं आणि विचारायचं, "सांगा बरं मी कोण?" आठवत नाही म्हणून आधीच शरमलेल्या माणसाची ही परीक्षा कशाला? जवळ बसा, स्वतःच नाव सांगा, "आबा, मी तुमच्या थोरल्या बहिणीचा लेक." दोघा-दोघांनी या, टीव्ही बंद करा, हळू आणि एका वेळी एकच गोष्ट बोला. चुकीचं बोलले तर दुरुस्त करत बसू नका. मेलेल्या भावाची वाट बघत असतील तर "तो कधीच वारला" असं सांगून दर वेळी नव्यानं दुःख देण्यात काय शहाणपण? भावाच्या गोष्टी विचारा, सांगत बसतात.

दिवसा उन्हात बसवा, चार पावलं चालवा, दुपारी फार झोपू देऊ नका, मग रात्र बरी जाते. पाणी मागून घेत नाहीत, त्यामुळं दर थोड्या वेळानं आपणच द्यायचं. ताक, पेज, वरणाचं पाणी, काहीही चालतं. हृदयाचा नाहीतर किडनीचा आजार असेल तर पाणी आणि मीठ किती, ते डॉक्टरांना विचारून. जेवताना ताठ बसवा. झोपवून भरवलं की घास श्वासनळीत जातो आणि छातीत कफ होऊन परत दवाखाना. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल डाग दिसला म्हणजे जखम होण्याची सुरुवात.

कधी परत न्यायचं

डोक्याला मार लागला असेल तर पहिला स्कॅन चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. म्हाताऱ्या माणसांत मेंदूवर रक्त हळूहळू साठतं आणि दोन-तीन आठवड्यांनीही त्रास सुरू होऊ शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोका जास्त. झोप वाढत चाललीय, डोकं दुखतंय, उलटी होतेय, एका बाजूचा हातपाय ओढतोय, बोलणं अडखळतंय, फीट आली, असं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका. ताप, लघवी बंद, पाणीही न पिणं, धाप, आणि पुन्हा एकदम वाढलेला गोंधळ यालाही तेच लागू.

जास्त काही नसेल तरी आठवड्याभरात एकदा दाखवून आणा. आणि माणूस जरा सावरलं की स्मृतिभ्रंशाची नीट तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर असतात. त्यांच्याकडं जाणं म्हणजे वेडा ठरणं नव्हे. थायरॉईड किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्यानंही विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं, म्हणून तपासणी वाया जात नाही.

करणारीचं काय?

हे सगळं मी लिहितोय, पण आमच्या घरात ते केलं चुलतीनं आणि माझ्या मंडळींनी. मी बहुतेक वेळ फोनवर होतो. पुण्याची दोन चुलतभावंडं रोज व्हिडिओ कॉल करून सूचना द्यायची, हे दे, ते देऊ नको. चौदाव्या दिवशी चुलतीला चक्कर आली. दोन आठवड्यांत ती सलग चार तास झोपली नव्हती आणि तिची स्वतःची बीपीची गोळी संपून आठ दिवस झाले होते, कुणाच्या लक्षात नव्हतं. मग बसून वाटणी केली. एका भावानं आठ दिवसांची रजा काढून यायचं, दुसऱ्यानं दिवसाच्या बाईचे पैसे द्यायचे, शनिवारची रात्र माझी. भाऊबंदकीत जमिनीची वाटणी करतो तशी ही वाटणीही तोंडी न ठेवता कागदावर लिहून काढली, तेव्हा कुठं पाळली गेली.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं अवघड आहे. कोयता घेऊन जोडपं निघून जातं, मागं म्हातारं माणूस आणि शाळेतली पोरं राहतात. अशा घरात आजीला दवाखान्यातून आणलं तर रात्री जागायचं कुणी, बारा वर्षांच्या नातीनं? तिथं शेजारी, आशाताई आणि सरपंचांनी मिळून पाळी लावली तरच होईल. आशाताईंना अशा घरांची नावं आधीच देऊन ठेवा.

ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही एल्डर लाइन आहे. सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते आणि फोनला पैसे पडत नाहीत. पेशंटची असो की सांभाळणाऱ्याची, मनाची ओढाताण होत असेल तर टेली मानस १४४१६, हा रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात. चुलतीनं एकदा रात्री तीनला लावला होता. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आबा आता तीन आठवड्यांनंतर बरेच निवळले तसेच आहेत. पूर्वीइतके नाहीत. सकाळी ओट्यावर टोपी घालून बसतात, हातानं भाकरी खातात, नातवंडांपैकी दोघांची नावं घेतात. शेततळ्याला मागच्या महिन्यात तारेचं कुंपण घातलं.